आधी काढणी ठरवा, मग लागण: मिश्र भाजीपाला घेण्याचा क्रम

टोमॅटोच्या वाफ्यावर कोथिंबीर टाकली, छान उगवली, पण जुडी बांधण्याजोगी झाली तोवर टोमॅटोवर दोन औषधं मारून झाली होती. कोबीत बीट लावलं, कोबीने पानं पसरली आणि बीट लिंबाएवढंच राहिलं. कारल्याच्या दोन ओळींत मेथी फोकली (हाताने विखरून पेरली), मग पाय ठेवायला जागा नाही म्हणून वेल चढवायला आठ दिवस उशीर झाला. यातली पहिली गोष्ट माझ्याच रानात घडली आहे. ती कोथिंबीर विकायला मन धजलं नाही, उपटून बांधावर टाकली. बाकीच्या दोन तक्रारी दर हंगामात कुणाकडून तरी ऐकायला मिळतात.

तिन्ही ठिकाणी पिकांची जोडी चांगली होती, वेळ चुकली होती. आपण नांगरट झाली, रोपं आली, की सगळं एकाच आठवड्यात लावून मोकळे होतो. मिश्र भाजीपाल्यात हे चालत नाही. कोणतं पीक कोणत्या तारखेला रान सोडणार हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत लागणीच्या तारखा काढायच्या. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच नमुना धरतो: १० गुंठ्यांचा तुकडा, मुख्य पीक ऑक्टोबरच्या लागणीचा टोमॅटो, त्याच्या वाफ्यांवर कोथिंबीर आणि मुळा, एक ओळ झेंडूची आणि कडेने मका. कोबी, वांगी आणि मांडवाच्या जोड्या शेवटी दिल्या आहेत.

## टप्पा १: माल कुठे जाणार ते आधी ठरवा

हे काम बियाणं आणण्याच्या आधीचं आहे, आणि नेमकं हेच बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात.

माल हुंडेकऱ्याच्या (गावचा माल गोळा करून बाजारात पोचवणाऱ्याच्या) गाडीत घालून मार्केट यार्डात जाणार असेल, तर एका दिवशी एका मालाचा नजरेत भरेल एवढा ढीग लागतो. पुण्याच्या गुलटेकडीला पालेभाज्यांचा सौदा शेकडा जुड्यांवर होतो. तिथे ४० जुड्या कोथिंबीर, २० शेपू आणि पाटीभर मुळा घेऊन गेलात, तर गाडीभाडं आणि हमाली जाऊन हातात फारसं उरत नाही. यार्डात पाठवणाऱ्याने मुख्य पिकासोबत एक किंवा फार तर दोन पिकं घ्यावीत.

आठवडे बाजारात स्वतः बसणार असाल, किंवा सोसायट्यांत थेट माल देणार असाल, तर उलट आहे. तिथे गिऱ्हाईक एका जागी चार भाज्या मिळतात म्हणून थांबतं. पण दर आठवड्याला ताजी कोथिंबीर हवी म्हणून ती टोमॅटोच्या वाफ्यावर पुन्हा पुन्हा पेरू नका. त्यासाठी तुकड्याच्या एका टोकाला दोन वाफे वेगळे ठेवा आणि तिथे दर सात दिवसांनी थोडी थोडी पेरा. टोमॅटोच्या वाफ्यावर पालेभाजी एकदाच येणार आणि एकदाच जाणार.

सणांचीही नोंद याच वेळी घ्या. भोगीच्या भाजीसाठी गाजर विकायचं असेल तर ते ११-१२ जानेवारीला निघायला हवं. गाजराला साधारण ८५ ते ९० दिवस लागतात, म्हणजे पेरणी १५ ऑक्टोबरच्या आसपास. पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं, डांगर यांना मागणी असते, त्यांचीही तारीख अशीच मागे मोजून निघते.

तपासा: पालेभाजी काढायची त्या संध्याकाळी जुड्या बांधायला किती हात आहेत? घरातली दोनच माणसं असतील, तर एका संध्याकाळी दोघांच्या हातून जेवढ्या जुड्या होतात तेवढंच क्षेत्र धरा.

## टप्पा २: पाहुणं पीक निवडा

मुख्य पिकाच्या वाफ्यावर थोडे दिवस राहून जाणाऱ्या पिकाला आमच्याकडे आम्ही पाहुणं पीक म्हणतो. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात. ते ४५ दिवसांत निघावं, गुडघ्याच्या वर जाऊ नये, आणि त्याला औषध मारायची वेळ येऊ नये.

पेरणीपासून काढणीपर्यंतचे साधारण दिवस असे:

- मेथी: २५ ते ३०
- पालक, पहिली कापणी: ३० ते ३५
- शेपू: ३० ते ४०
- कोथिंबीर: ३५ ते ४५
- लवकर येणारा मुळा: ४० ते ४५
- श्रावणघेवडा, पहिला तोडा: ५० ते ६०
- बीट: ६० ते ७०
- गाजर: ८५ ते ९०

यातली पहिली पाच टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या वाफ्यावर चालतात. बीट आणि गाजर यांना स्वतःचा वाफा द्या. थंडी वाढली की सगळ्यांचेच चार-सहा दिवस लांबतात, तेवढी सूट ठेवा.

आता शेजार. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली पिकं आहेत. मर रोग, करपा, सूत्रकृमी यांना एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही, म्हणून ही एकमेकांत लावू नका आणि एकाच्या मागोमाग दुसरंही घेऊ नका. टोमॅटो आणि भेंडी दोन्हींवर पांढरी माशी येते आणि दोन्हींना विषाणूरोग तीच देते. काकडीचा मोझॅक हा विषाणूरोग टोमॅटो-मिरचीवरही जातो, आणि मावा तो पसरवतो. मुळा हा कोबीच्या कुळातला, त्यामुळे तो टोमॅटोत चालेल, कोबी-फ्लॉवरमध्ये नको.

एक समज इथेच दूर करायला हवा. घेवडा किंवा चवळी शेजारच्या पिकाला त्याच हंगामात भरपूर नत्र देते असं सर्रास सांगितलं जातं. उभ्या पिकातून शेजाऱ्याला मिळणारं नत्र फार थोडं असतं. मुळं आणि पाला रानात कुजला की पुढच्या पिकाला फायदा होतो. त्यामुळे घेवडा लावला म्हणून टोमॅटोचं खत कमी करू नका.

सावधान: पहिल्या वर्षी मुख्य पीक, एक-दोन पाहुणी पिकं आणि एक सापळा पीक (किडीला मुख्य पिकाऐवजी स्वतःकडे ओढणारं, इथे झेंडू), एवढ्यावरच थांबा. सात-आठ पिकं एकदम घेतली की पाणी, खुरपणी आणि तोडणी यांचे दिवस एकमेकांवर येतात आणि नुकसान मुख्य पिकाचं होतं.

## टप्पा ३: कागदावर उलटं मोजा

भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा. टोमॅटोची लागण १० ऑक्टोबरला धरली तर तारखा अशा निघतात:

1. ३१ ऑगस्ट: झेंडूचं बी ट्रेमध्ये. लागणीला रोप ४० दिवसांचं हवं.
2. १२ सप्टेंबर: कडेने मका. टोमॅटो लागेल तेव्हा तो कमरेकडे निघालेला असेल.
3. १५ सप्टेंबर: टोमॅटोचं बी ट्रेमध्ये. लागणीला रोप २५ दिवसांचं.
4. ३० सप्टेंबर: वाफ्यांवर कोथिंबीर आणि मुळा.
5. १० ऑक्टोबर: टोमॅटो आणि झेंडूची लागण, एकाच दिवशी.
6. ८ ते १५ नोव्हेंबर: कोथिंबीर आणि मुळा रानाबाहेर.
7. २० डिसेंबरच्या आसपास: टोमॅटोचा पहिला तोडा.

चौथी आणि पाचवी ओळ पुन्हा वाचा. कोथिंबीर टोमॅटोच्या आधी दहा दिवस पेरायची आहे. बहुतेकांकडे हे उलटं होतं: रोपं लावतात, ती जीव धरेपर्यंत थांबतात आणि मग मोकळी जागा दिसते म्हणून कोथिंबीर टाकतात. तेव्हा ती निघायला नोव्हेंबरचा शेवट उजाडतो. तोवर टोमॅटो फुलावर आलेला असतो, बांबू-तार लागलेली असते आणि औषधं सुरू झालेली असतात. आधी पेरली तर टोमॅटो ३०-३५ दिवसांचा होईपर्यंत कोथिंबीर निघून जाते.

रोपं नर्सरीतून घेणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा: टोमॅटो २५ दिवसांचा, झेंडू ४० दिवसांचा, दोन्ही एकाच दिवशी हवेत. झेंडू उंच वाढणारा आफ्रिकन घ्या, ठेंगणा शोभेचा नको.

तपासा: परतीचा पाऊस रेंगाळला असेल, तर सगळ्या तारखा एकत्र पुढे सरकवा. एकच तारीख हलवली की दोन पिकांमधलं अंतर बिघडतं.

## टप्पा ४: मागच्या पिकाचं तणनाशक गेलंय का?

ऊस, मका किंवा सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात माळवं (भाजीपाला) करणाऱ्यांनी हा टप्पा वगळू नये. ऊस-मक्याला वापरलेलं ॲट्राझिन किंवा ऊस-सोयाबीनचं मेट्रिब्युझिन जमिनीत उरलेलं असेल, तर पालेभाज्या आणि वेलवर्गीय पिकं उगवून मरतात. शेतकरी बियाणं खराब निघालं म्हणतो आणि दुसऱ्या दुकानातून पुन्हा आणतो.

परीक्षा घरी करता येते. रानात पाच-सहा ठिकाणांहून वितीभर खोलीपर्यंतची माती घ्या, मिसळा, दोन कुंड्या भरा. तिसरी कुंडी परसातल्या मातीची, जिथे कधी तणनाशक पडलेलं नाही. तिन्हींत काकडीच्या आणि मुळ्याच्या दहा-दहा बिया टोका. पंधरा दिवस सारखं पाणी द्या. रानाच्या मातीतल्या रोपांची पानं कडेने पिवळी-पांढरी पडून करपू लागली आणि परसातली हिरवी राहिली, तर त्या तुकड्यात यंदा पालेभाजी नको.

ही परीक्षा ऑगस्टमध्येच करा, झेंडूचं बी टाकायच्या आधी.

शेणखत १० गुंठ्यांना साधारण दोन टन धरा. ते पूर्ण कुजलेलं हवं. ढिगाच्या पोटात हात घातला की ऊब लागता कामा नये, वास मातीचा यावा. अर्धकच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी दोन्ही येतं, आणि मिश्र वाफ्यात तण काढणं हेच सगळ्यांत जिकिरीचं काम आहे. कारण इथे तणनाशक मारताच येत नाही: टोमॅटोला चालणारं औषध कोथिंबिरीला मारतं. म्हणून मशागत झाल्यावर रान एकदा भिजवा, तण उगवू द्या, ते वखरून टाका आणि मगच वाफे ओढा.

## टप्पा ५: वाफे आणि ओळी आखा

१० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. तुकडा चौकोनी धरला तर प्रत्येक बाजू जवळपास १०४ फूट.

वाफ्याचा माथा तीन फूट, दोन वाफ्यांमधली सरी दोन फूट. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट. असे १७ वाफे पाडा: आठ टोमॅटोचे, एक झेंडूचा, पुन्हा आठ टोमॅटोचे. त्यात ८५ फूट जातात. उरलेल्या जागेत कडेचा मका, पाण्याची मेन लाईन आणि क्रेट घेऊन फिरायला वाट. ही वाट वाचवू नका. तोडणीच्या दिवसांत क्रेट डोक्यावर घेऊन वाफे तुडवायची वेळ येते, ती याच वाचवलेल्या तीन फुटांमुळे.

टोमॅटोची ओळ माथ्याच्या मधोमध, दोन रोपांत दीड फूट. वाफा ९५ फुटांचा धरला तर एका वाफ्यावर ६३ आणि १६ वाफ्यांवर हजाराच्या आसपास रोपं बसतात. झेंडूची साठेक लागतील. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला टोमॅटोची ५० आणि झेंडूची १० रोपं जास्त सांगा.

पाहुण्याच्या ओळी टोमॅटोच्या दोन्ही अंगांना, खोडापासून बरोबर एक फुटावर. बारा वाफ्यांवर कोथिंबीर, चारांवर मुळा. मुळा टोमॅटोच्या एक फुटाच्या आत कधीच आणू नका, उपटताना टोमॅटोची पसरलेली मुळं तुटतात आणि झाड दोन दिवस मान टाकतं.

सावधान: बी फोकू नका, ओळीतच पेरा. फोकलेल्या कोथिंबिरीत खुरपं फिरत नाही आणि टोमॅटोचं रोप कुठे लावायचं तेही दिसत नाही. सुतळी ताणा, खुरप्याच्या टोकाने बारीक काकरी ओढा, तीत पेरा.

ओळी शक्यतो दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळ-दुपारचं ऊन दोन्ही अंगांना मिळतं. मक्याच्या सावलीचाही विचार करा. ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला लांब पडते. दक्षिणेच्या बांधावरचा मका आणि पहिलं रोप यांत पाच फूट तरी मोकळे ठेवा. तिथली कोथिंबीर हमखास लांबुडकी आणि फिकी होते.

मल्चिंग पेपरचं (वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचं) काय, हा प्रश्न येतोच. पेपर अंथरला की ओळीत बी पेरता येत नाही. पेपर हवाच असेल तर या पद्धतीतली पालेभाजी सोडून द्या आणि फक्त झेंडू-मका ठेवा. आम्ही पेपर न घालता, कोथिंबीर निघाल्यावर उसाचं पाचट वाफ्यावर टाकतो.

## टप्पा ६: पेरणी आणि लागण

मका. तुकड्याच्या चारी बाजूंनी दोन-दोन दाट ओळी. पांढरी माशी, मावा, फुलकिडे वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांना ही भिंत अडवते. त्यासाठी ती टोमॅटोच्या आधी उभी असावी लागते. टोमॅटोबरोबर पेरलेला मका उंच होईपर्यंत कोवळ्या रोपांवर माशी बसूनही जाते.

मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) लष्करी अळी दिसली तर लगेच वेचा. आणि तुरा पडून कणसं धरू लागली की तो कापून जनावरांना घाला, कणसाच्या केसांवर फळ पोखरणारी अळी पोसली जाते.

कोथिंबीर. धने चपलेने किंवा पाट्यावर हलके रगडून दोन फाकी करा. भुगा होऊ देऊ नका. बारा तास पाण्यात भिजवा, सावलीत कोरडे करून पेरा, वर अर्धा इंच माती. उगवायला आठ ते दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस माथ्याचा वरचा थर ओला राहावा लागतो. इथे ठिबक कमी पडतं. म्हणून हे दहा दिवस रेनपाइप (बारीक भोकांतून पाणी उडवणारी नळी) किंवा झारीने पाणी द्या. टोमॅटो लागला की वरून पाणी बंद, कारण ओल्या पानांवर करपा येतो. कोथिंबीर आधी पेरण्याचा हा दुसरा फायदा.

टोमॅटो आणि झेंडू. १० ऑक्टोबरला कोथिंबिरीच्या दोन हिरव्या रेघा उठून दिसतात आणि मधली जागा मोकळी असते. संध्याकाळी लागण करा. आठव्या वाफ्यानंतरचा वाफा झेंडूचा. सोळा ओळी टोमॅटोला एक ओळ झेंडू हे प्रमाण फळ पोखरणाऱ्या अळीसाठी शिफारस केलेलं आहे. ४० दिवसांचा झेंडू आणि २५ दिवसांचा टोमॅटो एकत्र लावले की दोन्ही साधारण एकाच वेळी कळीवर येतात. झेंडू मागे राहिला तर पतंग अंडी टोमॅटोवरच घालतो आणि मग तो वाफा फक्त फुलांचा उरतो.

सावधान: लागणीच्या वेळी रोपांना आंतरप्रवाही कीटकनाशकाची आळवणी करायची (मुळाशी ओतायची) सवय अनेकांना आहे. त्याच वाफ्यावर कोथिंबीर असेल तर ती करू नका. ते औषध मुळांतून वर चढतं, आणि कोथिंबिरीची मुळं त्याच मातीत आहेत. त्याऐवजी रोप कीटकरोधक जाळीत वाढवलेलं घ्या आणि लावताना मुळं ट्रायकोडर्माच्या (रोगाला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या) द्रावणात बुडवा.

तपासा: सातव्या-आठव्या दिवशी नांग्या भरा. पंधराव्या दिवसानंतर लावलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत कायम खुरटं राहतं.

## टप्पा ७: पाणी आणि खत, दोघांचं वेगळं

टोमॅटोची लॅटरल (ठिबकची नळी) मधोमध असते, कोथिंबीर एक फूट दूर. भारी काळ्या रानात ओल आडवी पसरते, मुरमाड रानात सरळ खाली जाते. तासभर ठिबक चालवा आणि कोथिंबिरीच्या ओळीत बोट खुपसा. पेरभर खोलीवर ओल लागली नाही, तर पाणी वाढवून उपयोग नाही, त्याने टोमॅटोची मुळं गुदमरतात. दुसरी लॅटरल टाका, पाहुणं गेलं की गुंडाळून ठेवा.

नत्राचंही असंच. पालेभाजीला ते भरपूर हवं, टोमॅटोला सुरुवातीला जास्त मिळालं तर झाड नुसतं माजतं, फूल लांबतं आणि कोवळ्या लुसलुशीत पाल्यावर मावा-तुडतुडे येतात. म्हणून कोथिंबिरीचं खत व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत सोडणाऱ्या साधनातून) सोडू नका. पेरणीनंतर विसाव्या दिवशी ओळीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे सरीच्या बाजूला, थोडा युरिया हाताने द्या आणि मातीत मिसळा.

## टप्पा ८: पहिले ३५ दिवस रासायनिक औषध नको

हा सगळ्यांत नाजूक टप्पा. औषधाच्या लेबलवर ते कोणत्या पिकासाठी आहे आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची हे लिहिलेलं असतं. टोमॅटोसाठी लिहिलेले दिवस कोथिंबिरीला लागू होत नाहीत. टोमॅटोचं फळ धुऊन खातात, त्याच्यावर औषधाला चिकटायला गुळगुळीत साल असते. कोथिंबिरीचं अख्खं पान, तेही कच्चं, ताटात जातं.

म्हणून पाहुणं रानात आहे तोवर एवढंच:

- पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर, झाड वाढेल तसे वर सरकवत.
- फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी पाच, म्हणजे या तुकड्यात एक-दोन.
- आठ-दहा दिवसांनी ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. एक किलो निंबोळी पावडर दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळा, २० लिटर करा, थोडा साबणाचा चुरा घाला. काढणीच्या आधी आठवडाभर हाही थांबवा, जुडीला वास राहतो.
- पानं वळलेलं, बोकडलेलं टोमॅटोचं रोप दिसताक्षणी उपटून पिशवीत घालून बाहेर.

आणि करपा एकदम वाढला, रासायनिक औषधाशिवाय टोमॅटो हातचा जातोय असं झालं तर? आधी कोथिंबीर काढा, लहान असली तरी काढा, आणि मग टोमॅटोवर फवारा. तेवढी कोवळी कोथिंबीर निम्म्या भावाने जाते. फवारलेली विकण्यापेक्षा ते हजारपटीने बरं.

## टप्पा ९: पाहुण्याला वेळेत काढा

आदल्या संध्याकाळी पाणी द्या, मुळं अलगद सुटतात. कोथिंबीर उपटताना एक हात टोमॅटोच्या बुंध्याजवळच्या मातीवर दाबून धरा. मुळा सरळ वर ओढा, सरीकडे झुकवून ओढला की वाफ्याचा खांदा ढासळतो. जुडीची मुळं पाण्यात खळबळून घ्या, पानं ओली करू नका, रात्रीच्या गाडीत ओला पाला तापून सकाळी पिवळा होतो.

भाव पडलेत म्हणून आठ दिवस थांबायचा मोह होतो. थांबू नका. कोथिंबिरीचा दांडा वर येतो, टोमॅटोची हवा कोंडते आणि बांधणी अडते. १५ नोव्हेंबर ही शेवटची तारीख, भाव काहीही असो. विकली गेली नाही तर जनावरांपुढे टाका.

रान मोकळं झालं त्याच आठवड्यात तीन कामं: वाफ्याला माती लावणं, पाचट अंथरणं, सुतळीची पहिली बांधणी. बांबू आणि तार आधीच उभी करून ठेवलेली असावी.

## टप्पा १०: झेंडू राखा

सापळा पीक लावून विसरणं ही दुसरी मोठी चूक. झेंडू अळीला मारत नाही, आपल्याकडे बोलावून घेतो. पुढचं काम आपलं आहे. एका वर्षी घरच्या लग्नात दहा दिवस झेंडूकडे बघणं झालं नाही, आणि त्याच ओळीतून अळी दोन्ही बाजूंच्या टोमॅटोत उतरली.

कळ्या आल्या की आठवड्यातून दोनदा ओळीतून फिरा. हातात साबणाच्या पाण्याची बादली. कळीला बारीक भोक दिसलं की ती तोडून बोटांनी उलगडा: आत पाकळ्यांचा भुगा, ओलसर विष्ठा आणि मधोमध वळून बसलेली हिरवट-तपकिरी अळी. अशी प्रत्येक कळी बादलीत. चांगली फुलं विका, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना त्यांना मागणी असते.

तपासा: झेंडूबरोबर टोमॅटोच्या दहा झाडांचे शेंडेही बघा. कोवळ्या पानांवर खसखशीहून बारीक, पिवळसर-पांढरी, सुटी सुटी अंडी दिसली तर सापळा अपुरा पडतोय. कामगंध सापळ्यातले पतंग मोजा आणि आता, पालेभाजी रानात नसल्यामुळे, लेबलवर टोमॅटो असलेलं औषध काढणीचे दिवस पाळून वापरा.

## दुसऱ्या जोड्या, थोडक्यात

कोबी आणि मोहरी. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी आवडते. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी धरा. पहिली कोबीच्या लागणीआधी १५ दिवस, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी पेरा. पहिली जून होते तेव्हा दुसरी कोवळी असते, म्हणून दोनदा. एकदाच पेरून चालेल असं वाटतं आणि गड्डा भरायच्या वेळी नेमका सापळा उरत नाही. मोहरीच्या पानाला बोट लावून बघा. बारीक हिरवी अळी तडफडत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते, तीच ही. मोहरीवर दर आठवड्याला निंबोळी अर्क मारा, फार भरली तर ओळ उपटून पुरून टाका. मधल्या जागेत कोथिंबीर किंवा मेथी चालते, पण कोबी ४० दिवसांचा व्हायच्या आत निघाली पाहिजे, त्यानंतर पानं एकमेकांना भिडतात.

वांगी. चार फुटांची ओळ आणि सुरुवातीला सावकाश वाढ, त्यामुळे पाहुण्याला ही सर्वांत सोयीची जागा. मेथी किंवा मुळा घ्या. श्रावणघेवडा घ्यायचा असेल तर तो वांग्याच्या लागणीआधी आठवडाभर टोका, कारण त्याचा पहिला तोडाच ५० ते ६० दिवसांनी येतो. शेंडा पोखरणारी अळी आली की सुकून मान टाकलेले शेंडे दर चार दिवसांनी खुडून जाळा. घेवडा दाट असेल तर हे शेंडे दिसत नाहीत, म्हणून तो एकच ओळ लावा.

मांडवाचे वेल. कारलं-दोडक्याच्या दोन ओळींत आठ फूट असतात आणि वेल मांडवावर पसरायला दीड महिना लागतो. पण सगळे आठ फूट पेरू नका. वेलाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट चालायला आणि बांधायला सोडा, मधल्या पाच फुटांत मेथी, कोथिंबीर, मुळा घ्या. मांडव झाकल्यावर खाली थंडीत काही पेरू नका, ऊन पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र त्याच विरळ सावलीत कोथिंबीर उघड्या रानापेक्षा चांगली टिकते. तेव्हा मांडवावर औषध चालू असेल तर थेंब खालच्या पानांवर पडतात, हे लक्षात ठेवून एकतर वरची फवारणी थांबवा, नाहीतर खालची पेरणी.